मदत हवी आहे: सिग्नेचर कोळ्याच्या जाळ्यात 4 ऐवजी 2च पट्ट्या

आर्जिओपी अनसुजाची (सिग्नेचर कोळ्याची एक जात) मादी, घाणेरीच्या झुडपात, जमिनीपासून 2 फुटांवर. डोकं खाली, पाय जोडीजोडीने जुळवून मधोमध बसलेली. आठही पाय शाबूत. रोज पहाटे जाळं नवं असतं. चिकट धागा बाहेरून आत नीट विणलेला, त्याआधी घातलेला कोरडा तात्पुरता धागाही काढून टाकलेला. मग जाळ्याच्या मधोमध फुलीसारख्या विणतात त्या पांढऱ्या नागमोडी पट्ट्या सलग तीन दिवस फक्त खालच्या 2च का? भरपूर भक्ष्य मिळालं की पट्ट्या वाढतात असं दिसलंय, पण इथे नाकतोडे मुबलक आहेत. कात टाकायची वेळ आली असेल का? कोणी रोजची नोंद ठेवली असेल तर कृपया कळवा. फोटोसाठी जाळ्यावर कॉर्नफ्लोअर टाकायला सुचवू नका. चिकटपणा जातो, बिचारीची शिकार बुडते.