मदत हवी आहे: पोराला रेसिंग ड्रायव्हर व्हायचंय, नागपुरातून सुरुवात कशी करू?

नमस्कार मंडळी. मुलगा 12 वर्षांचा, सातवीत. दोन वर्षांपासून एकच धोशा, फॉर्म्युला वन! आधी हसण्यावारी नेलं. पण पठ्ठ्या मे महिन्याच्या उन्हात हेल्मेट घालून भाड्याच्या कार्टवर (छोटी रेसिंग गाडी) फेऱ्या मारतो, तेव्हा म्हटलं आता विचारावंच.

वाचून एवढं समजलं: आधी कार्टिंग, 15 पूर्ण झाल्यावर फॉर्म्युला फोर, मग थ्री, टू. एफ वनच्या सुपर लायसन्ससाठी (म्हणजे तिथे उतरायचा परवाना) वय 18 आणि खालच्या शर्यतींतून तीन सीझनमध्ये 40 गुण. शर्यतीत उतरलेले भारतीय दोनच, 2005 मध्ये नारायण कार्तिकेयन आणि 2010 मध्ये करुण चंडोक. त्यामुळे स्वप्नं नका दाखवू भाऊ, हिशेब सांगा.

मोठे ट्रॅक कोइम्बतूर नाहीतर चेन्नईकडे. शाळा सांभाळून इथून ये-जा कोणी केली आहे का? कार्टिंगचं राष्ट्रीय लायसन्स एफएमएससीआयकडून (देशातली मोटरस्पोर्टची संघटना) काढायचं, ते आधी काढू की सराव आधी? स्वतःचं कार्ट घ्यावं की टीमकडून भाड्याने? टायर-इंजिन धरून वर्षाचा खरा खर्च किती येतो?

एका अकादमीवाल्याने फोनवरच वर्षभराची फी आगाऊ मागितली, पावतीचं विचारलं तर टाळाटाळ. असंच चालतं का सगळीकडे?

बायकोला अजून काही सांगितलेलं नाही.