लग्नातल्या सुटावर घालायचा पट्टा हाताने बनवायचाय, चामडं कोणतं घेऊ?

तन्वी_ठाणे:
नमस्कार मंडळी. डिसेंबरात दादाचं लग्न आहे. रिसेप्शनला तो काळा सूट घालणार आहे आणि त्यावर माझ्या हातचा पट्टा असावा अशी फार इच्छा आहे. पाकिटं, कार्ड होल्डर मी करते, पट्टा पहिल्यांदाच. धारावीत एका दुकानात तीन प्रकार दाखवले: क्रोमचं (क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं) काळं, साडेतीन मिमी जाड, हाताला मऊ, म्हशीचं बिनरंगी व्हेज टॅन (झाडाच्या सालीत कमावलेलं), चांगलंच कडक, आणि ‘जेन्युइन लेदर’ असा छाप असलेल्या तयार पट्ट्या, सगळ्यात स्वस्त. मला क्रोमचं आवडलंय. घेऊ का? बक्कल कोणतं लावू?

वसई_वर्कशॉप:
त्या छापाच्या पट्ट्या घेऊ नका. बहुतेक वेळा ते खालच्या थराचं चामडं असतं, वर प्लॅस्टिकचा लेप. बक्कलाच्या वाकणावर वर्षभरात पापुद्रे सुटतात.

रापी_कोल्हापूर:
ताई, क्रोमचं नको. मऊ आहे म्हणूनच नको. पिशवीला ते उत्तम, पण पट्ट्यावर रोज ताण येतो. ते लांबतं आणि भोकं अंडाकृती होतात. दुकानात कापलेली कड बघा. वरून कितीही काळं असलं तरी पुष्कळदा मधे निळसर-राखाडी रेघ दिसते, ते क्रोम. झाडाच्या सालीत कमावलेलं आतून बदामी-तपकिरी असतं.

आमच्याकडे बाभळीची साल आणि हिरड्यात कमावतात. २०१५ मध्ये राज्यात बैलाच्या कत्तलीवरही बंदी आली, तेव्हापासून इथे हाताला येतं ते बहुतेक म्हशीचंच. त्याचा दाणा (वरच्या बाजूची नैसर्गिक नक्षी) जरा मोठा दिसतो, पण ताकदीला तोड नाही. फक्त चपलेच्या तळाचं जाड चामडं पट्ट्याला घेऊ नका. ते चालण्यासाठी असतं, रोज एकाच जागी वाकण्यासाठी नाही. सुटावर बारीक दाण्याचं हवं असेल तर तामिळनाडूकडून येणारं ई.आय. (ईस्ट इंडिया) गाईचं चामडं विचारा, तेही सालीतच कमावलेलं असतं.

एकच साडेतीन मिमीचा थर सुटावर बोजड दिसतो. वरचा थर १.८ मिमी, खाली शेळीचं १.२ मिमीचं अस्तर, दोन्ही सोल्युशनने चिकटवून कडेने शिवा. तीन मिमीत बसतं आणि अंगासरशी वळतं. जिथे बक्कलावर दुमडणार, तिथे रापीने तासून जाडी निम्मी करा. रुंदी ३० मिमी ठेवा, ३८ची जीन्सला.

आणि तुकडा पाठीचाच मागा, कण्याला समांतर कापलेला. पोटाकडचा भाग सैल असतो. दाण्याची बाजू आत घेऊन बोटाभोवती वाकवा. बारीक, सारख्या सुरकुत्या पडल्या तर घ्या, फुगीर वळ्या उठल्या तर परत ठेवा. दुकानदार मधून कापून द्यायला कुरकुर करेल, पण हट्ट सोडू नका.

तन्वी_ठाणे:
दादा, खूप आभार! पण बिनरंगी घेतलं तर काळा रंग मलाच द्यावा लागेल. पांढऱ्या शर्टाला लागला तर?

रापी_कोल्हापूर:
म्हणून बाटलीतला रंग टाळा. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेल धुऊन काढलेला लोखंडी कीस किंवा खिळे आठवडाभर ठेवा. झाकण सैल ठेवा, आत वायू होतो. मग फडक्यातून गाळून घ्या. चामड्यातल्या टॅनिनशी (सालीतून उतरलेल्या तुरट द्रव्याशी) लोखंडाचा संयोग झाला की ते तुमच्या डोळ्यांदेखत आधी राखाडी, मग निळसर आणि शेवटी काळं पडतं. हा रंग वर बसत नाही, चामड्यातच तयार होतो, म्हणून कपड्याला फार कमी लागतो. नंतर खाण्याच्या सोड्याच्या पातळ पाण्याने पुसा, सावलीत वाळवा आणि तेल द्या. तेलाशिवाय ते कोरडं पडून तडकतं. शेवटी मधमाशीचं मेण चोळा आणि पांढऱ्या सुती फडक्याने, फडकं स्वच्छ राहीपर्यंत, पुसत राहा. क्रोमवर हे चालत नाही. त्यामुळे दुकानात नेऊन एका कोपऱ्यावर थेंब टाकला की चामडं कसलं ते लगेच कळतं (विचारून टाका हं).

पितळी_बक्कल:
यावरूनच बक्कलाचं सांगतो. साधं लोखंडी बक्कल घेतलंत तर घामाने ओल्या चामड्यावर त्याचे असेच काळे डाग पडतात, अस्तरावर तर नक्कीच. भरीव पितळ घ्या, काळ्या सुटाला चंदेरी हवं तर निकेल चढवलेलं पितळ किंवा स्टेनलेस. दुकानदार पितळ म्हणाला की मागच्या बाजूला कानस हलकीच फिरवायला सांगा. आत पिवळं निघालं तर पितळ, पांढरट-राखाडी निघालं तर जस्ताचं ओतीव. चुंबकाने यातला फरक कळत नाही, दोन्हीला ते चिकटत नाही. आतली रुंदी ३० मिमी आहे ना, ते मोजूनच घ्या.

तन्वी_ठाणे:
लांबीचं? दादाची पँट ३६ची आहे.

रापी_कोल्हापूर:
पँटीच्या आकड्यावर जाऊ नका. तो रोज वापरतो तो पट्टा गुपचूप काढून मोजा, बक्कलाच्या वाकणापासून तो लावतो त्या भोकापर्यंत. तेच तुमचं मधलं भोक. दोन्हीकडे अडीच-अडीच सेंमीवर दोन दोन भोकं. मधल्या भोकापासून टोकापर्यंत १५ सेंमी, बक्कलाकडच्या दुमडीला ८. समजा माप ९४ आलं तर पट्टी ११७ची. दोरा मेणाचा पॉलिएस्टर, ०.८ मिमी, दोन सुयांचा टाका. १२५चा तुकडा मिळाला तर तोच घ्या, उरलेल्या टोकावर आधी व्हिनेगरचा रंग आणि टाका दोन्ही करून बघता येतील.