हनुवटीखालच्या चरबीसाठी इंजेक्शन : सांगली-मिरजेत कुणी घेतलंय का?

मदत हवी आहे. वय ४१, राहणार विश्रामबाग, सांगली. वर्षभरात सात किलो वजन कमी केलं, पण हनुवटीखालची चरबी जशीच्या तशी आहे. थायरॉइड, साखर नॉर्मल. मानेचे व्यायाम, मसाज, रोलर सगळं चार-पाच महिने नेमाने केलं, फरक शून्य. ऑपरेशन किंवा लायपोसक्शन नको आहे.

इथल्या एका क्लिनिकमध्ये 'चरबी विरघळवणारं इंजेक्शन, दोन सिटिंगमध्ये काम होईल' असं सांगितलं. औषधाचं नाव विचारलं तर धड उत्तर मिळालं नाही, म्हणून परत आले. वाचलं त्याप्रमाणे डीऑक्सिकोलिक ॲसिडला अमेरिकेत २०१५ मध्ये याच कामासाठी मान्यता मिळाली. एका वेळी बरीच छोटी इंजेक्शनं, दोन सिटिंगमध्ये किमान महिन्याचं अंतर, जास्तीत जास्त सहा सिटिंग. सूज तर येतेच. जबड्याजवळच्या नसेला इजा झाली तर हसू काही काळ वाकडं होतं, याची मला खरी भीती आहे. शिवाय वजन उतरल्यावर कातडी थोडी सैल झाली आहे. चरबी गेल्यावर ती आणखी लोंबेल का?

बँकेत काउंटरवर बसते, सलग चार दिवसांपेक्षा जास्त रजा मिळणार नाही. रक्त पातळ करायची गोळी चालू नाही. कोल्हापूरपर्यंत यायची तयारी आहे, पुणे जमणार नाही.

ज्यांनी स्वतः घेतलंय त्यांनी कृपया सांगा : त्वचारोगतज्ज्ञाकडे घेतलं की प्लास्टिक सर्जनकडे, औषधाची सीलबंद बाटली समोर फोडली का, आणि लोकांसमोर बसण्याइतकी सूज किती दिवसांनी उतरली?