मदत हवी आहे: समरकंदला ग्रुप सोडून बुखाऱ्याला जाता येईल का? (तातडीचं)

दुसरा_चहा
उद्या संध्याकाळपर्यंत टूरवाल्यांना कळवायचंय, म्हणून घाईत लिहितोय.

उझबेकिस्तानची ग्रुप टूर बुक केली आहे, पूर्ण पैसे भरून झालेत. बुकिंगच्या वेळी ताश्कंद-समरकंद-बुखारा असं ठरलं होतं. आता अंतिम कार्यक्रम आला त्यातून बुखारा गायब! त्याऐवजी चिमगनचे डोंगर, केबल कार आणि चारवाक तलाव. फोन केला तर म्हणे, "सर, आपल्या लोकांना डोंगर जास्त आवडतात, आणि बुखाऱ्यात काय, सगळ्या मशिदीच." अरे पण मग ब्रोशरवर बुखाऱ्याच्या कल्याण मिनाराचा फोटो कशाला छापलात?

प्रश्न एवढाच: समरकंदला ग्रुप सोडून दोघांनी बुखारा करून यायचं आणि ताश्कंदला परत ग्रुपला मिळायचं, हे जमतं का? कुणी केलंय का?

"टूरने जाऊच नये" हा सल्ला कृपया नको.

शनिवार_पेठ
टूरने जाऊच नये. सकाळी सहाला उठवतात, समरकंदच्या रेगिस्तान चौकात चाळीस मिनिटं देतात आणि गालिच्याच्या दुकानात दोन तास. दिल्लीहून ताश्कंद विमानाने तीनेक तासांवर आहे, ई-व्हिसा घरबसल्या मिळतो, रेल्वे उत्तम. यात टूर कंपनीचं काम काय?

बॅगवाली
शनिवार_पेठ, त्यांनी शेवटची ओळ खास तुमच्यासाठीच लिहिली होती.

दुसरा_चहा, अशा माहितीवर काहीच सांगता येत नाही. कोण दोघं? महिना कुठला? समरकंदला मुक्काम आहे की ताश्कंदहून एका दिवसात जाऊन येणं? व्हिसा प्रत्येकाचा वेगळा काढलाय की ग्रुपचा? परतीचं विमान किती वाजता?

मुक्काम_पोस्ट_नाशिक
आम्ही अझरबैजानला, बाकूला गेलो होतो. तिथे आगीचं मंदिर आहे, आतेशगाह, त्यावर देवनागरी शिलालेख आहेत. जेवणही आपल्याला चालेल असं. तुम्ही बाकूचा विचार का करत नाही?

दुसरा_चहा
@नाशिक, कारण पैसे उझबेकिस्तानचे भरलेत.

@बॅगवाली, ऑक्टोबर. समरकंदला एक रात्र. व्हिसाचं टूरवाल्यांनीच पाहिलंय, पीडीएफ आली होती मेलवर. जाणारे आई-बाबा आहेत.

बॅगवाली
म्हणजे तुम्ही नाही? आई-बाबा दोघंच? हे पहिल्या ओळीत यायला हवं होतं. वय? चालणं-फिरणं?

दुसरा_चहा
बाबा 71, आई 66. बाबा ठणठणीत, पीडब्ल्यूडीतून निवृत्त. आईचे गुडघे जिन्यावर त्रास देतात, सपाटीवर चालते. इंग्रजी दोघांनाही कामापुरतं येतं. बाबांना डोंगर-बिंगर नकोत, त्यांना तो मिनारच बघायचाय. 1127 सालचं विटांचं बांधकाम, 46 मीटर उंच, भूकंपाच्या पट्ट्यात अजून उभं कसं, हे गेलं वर्षभर आम्ही जेवताना ऐकतोय.

जुना_मुसाफिर
जमतं. फक्त नीट आखून.

समरकंद ते बुखारा अफ्रोसियाब ही वेगवान गाडी साधारण दीड तासात जाते. ती भरली असेल तर शर्क किंवा दुसरी साधी गाडी, तिला दीडएक तास जास्त. बुखारा ते ताश्कंद अफ्रोसियाबने चार तासांच्या आसपास. ऑक्टोबर म्हणजे तिकडचा ऐन हंगाम, अफ्रोसियाबची तिकिटं लवकर संपतात. तेव्हा परवानगीची वाट बघत बसण्याआधी तिकिटं आहेत का ते बघा. नाव आणि पासपोर्ट क्रमांक पासपोर्टवर आहे तसाच टाका, स्टेशनात शिरतानाच तपासतात आणि सामानही स्कॅन होतं. निदान अर्धा तास आधी पोचायला सांगा.

बुखाऱ्याचं स्टेशन गावात नाही, कागानला आहे, जुन्या शहरापासून दहा-पंधरा किलोमीटर. बाहेर टॅक्सीवाले घेरतात. यांडेक्स ॲप फोनमध्ये टाकून द्या, भाडं आधीच दिसतं, घासाघीस नाही.

मुक्काम जुन्या शहरातल्या ल्याबी हौज तलावाजवळ घ्या. तिथून छपराचे जुने बाजार, कल्याण मिनार, मीर-ए-अरब मदरसा, आर्क किल्ला सगळं पायी होतं आणि बहुतेक सपाटीवर. आईंच्या गुडघ्यांना समरकंदपेक्षा बुखाराच सोपा जाईल. समरकंदच्या शाही-जिंदा या कबरींच्या समूहाला मात्र उभा लांबलचक जिना आहे, तिथे त्यांना सांभाळा. बुखाऱ्यात बरीच हॉटेलं जुन्या व्यापाऱ्यांच्या वाड्यांत आहेत, दिसायला सुरेख पण जिने खडे. तळमजल्याची खोली मागून घ्या.

खाऊगल्ली
शाकाहारी आहेत का? ते महत्त्वाचं. पुलाव म्हणजे त्यांचा 'प्लोव', त्यात मांस असतंच, आणि "मांस काढून देतो" म्हणतात तेव्हा वरचे तुकडे फक्त बाजूला करतात. समसा (तिकडचा भाजलेला समोसा) घेताना भोपळ्याचा मागायचा, दिसायला सगळे सारखेच. नान, टोमॅटो-कांद्याचं अचिचुक, दही, द्राक्षं, खरबूज यावर दोन दिवस आरामात निघतात. सूपमध्ये पण मटणाचा रस्सा असतो हे लोक विसरतात.

ग्रुपमध्ये महाराज असतो, बुखाऱ्यात नसेल. मेतकूट-भात...

शनिवार_पेठ
परदेशात जाऊन मेतकूट! समरकंदचा नान जगात नावाजलेला आहे, तो खा की.

खाऊगल्ली
तुम्ही खा. सत्तरीच्या माणसाला रात्री साडेनऊला उपाशी झोपवायचं नसतं.

इतिहासवेडा
बुखाऱ्यासाठी एवढा आटापिटा योग्यच आहे. टूरवाल्यांचं ऐकून हसावं की रडावं. चंगीझखानाने 1220 मध्ये शहर जाळलं पण तो मिनार ठेवला, 1920 मध्ये लाल सैन्याने तोफा डागल्या तरी टिकला. आणि इस्माईल सामानीची कबर बघाच, दहाव्या शतकातली, निळ्या फरशा नाहीत, नुसत्या विटांची वीण. बाबा पीडब्ल्यूडीचे आहेत ना, तासभर हलणार नाहीत तिथून. मुलतानचे व्यापारी आणि सावकार शेकडो वर्षं बुखाऱ्यात राहून व्यवहार करत होते, म्हणजे आपला संबंध नुसता बाबरामुळे नाही.

धुळ्याचा_पाटील
पण समरकंदात तरी काय बघायचं? तैमूरची कबर? ज्याने 1398 साली दिल्ली कापून काढली, त्याच्या थडग्यासमोर तिकीट काढून उभं राहायचं? बीबी खानुम मशीद त्याने परत गेल्यावर लगेच बांधायला घेतली, लुटीच्या पैशातून.

इतिहासवेडा
पाटील, त्याच घराण्यात उलुग बेग पण झाला. तैमूरचा नातू. 1420 च्या दशकात वेधशाळा बांधली, हजारावर ताऱ्यांची सारणी केली. पुढे सवाई जयसिंगाने जंतरमंतर उभारलं तेव्हा त्याच परंपरेचा आधार घेतला. उलुग बेगाला त्याच्या स्वतःच्या मुलाने मारवलं, 1449 मध्ये. वेधशाळा नंतर गाडली गेली, 1908 साली पुरातत्त्वज्ञ व्यात्किनने शोधून काढली. जमिनीखालचा कमानीचा भाग आजही बघता येतो. तिकीट त्यासाठी काढा.

मुक्काम_पोस्ट_नाशिक
तैमूरची कबर उघडली म्हणून हिटलरने रशियावर हल्ला केला म्हणतात.

इतिहासवेडा
कबर जून 1941 मध्ये सोव्हिएत शास्त्रज्ञ गेरासिमोव्हच्या पथकाने उघडली आणि 22 जूनला हल्ला झाला, एवढं खरं. हल्ल्याची तयारी कित्येक महिने आधीपासून चालू होती. शाप वगैरे गाईडच्या बक्षिशीसाठी.

बॅगवाली
मंडळी, माणसाला उद्या उत्तर द्यायचंय.

दुसरा_चहा, तुम्ही अजून विमानाची वेळ सांगितली नाही. आणि आई-बाबा कुठली औषधं घेतात? उगाच विचारत नाहीये.

दुसरा_चहा
सातव्या दिवशी सकाळी विमान. चौथ्या दिवशी संध्याकाळी ग्रुप समरकंदहून ताश्कंदला परततो, पाचवा चिमगन, सहावा ताश्कंद दर्शन आणि खरेदी. म्हणजे चौथ्याला दुपारी बुखारा, पाचवा पूर्ण दिवस तिथे, सहाव्याला परत.

औषधं बीपीची, थायरॉइडची, आईची झोपेची गोळी. का?

बॅगवाली
म्हणूनच विचारलं. उझबेकिस्तानात झोपेच्या आणि गुंगीच्या गोळ्यांवर, तसंच ट्रामाडोल-कोडीनसारख्या वेदनाशामकांवर कडक नियम आहेत. डॉक्टरांचं चिठ्ठीपत्र इंग्रजीत, मूळ वेष्टनातल्या गोळ्या, प्रवासापुरत्याच, आणि कस्टम्सला स्वतःहून सांगायचं. त्या गोळीचं नाव यादीत आहे का ते त्यांच्या दूतावासाकडून आधी विचारा. डब्यात सुट्या गोळ्या भरून द्यायची आपली सवय इथे महागात पडते. आणि कुणी नातवाने ड्रोन दिला असेल तर काढून घ्या, देशात आणायलाच बंदी आहे.

आता सामान. मोठ्या बॅगा ग्रुपबरोबर ताश्कंदला जाणार की समरकंदला पण? बुखाऱ्याला फक्त एकेक हातातली बॅग.

जुना_मुसाफिर
सहाव्या दिवशी सकाळचीच गाडी धरा. संध्याकाळची नको. गाडी चुकली आणि सकाळी विमान, ही जोखीम कशाला.

ताश्कंद दर्शन हुकेल. त्यात मेट्रो आहे, 1977 ची, स्टेशनं बघण्यासारखी, ती संध्याकाळी ते दोघं स्वतः बघू शकतात. आता फोटो काढू देतात.

धुळ्याचा_पाटील
आणि शास्त्रीजींचा पुतळा? 10 जानेवारी 1966 ला ताश्कंद करारावर सही आणि त्याच रात्री माणूस गेला. ते न बघता बुखारा?

शनिवार_पेठ
पुतळा शास्त्रीजींच्या नावाच्या रस्त्यावरच आहे, टॅक्सीने जाऊन येता येतं. त्या रात्रीबद्दलची चर्चा इथे सुरू करू नका, त्याचे धागे संपत नाहीत.

सोलकढी
वेगळं मत मांडते. आईंना हे हवंय का? सगळे बाबांबद्दल बोलतायत. त्या चिमगनला मैत्रिणींबरोबर केबल कारमध्ये बसल्या असत्या तर? ग्रुप टूरला अर्धी मजा सोबतीची असते.

दुसरा_चहा
विचारलं आत्ताच. आई म्हणाली, "डोंगर मी लोणावळ्याला बघते. तुझ्या बाबांना एकट्याला सोडलं तर ते विटा मोजत बसतील." तेव्हा दोघंही.

टूरवाल्यांशी बोललो. व्हिसा दोघांचा वेगवेगळा आहे. पण पासपोर्ट टूर मॅनेजरकडे राहतात म्हणे, "सुरक्षिततेसाठी". शिवाय हमीपत्र लिहून मागतायत की आम्ही स्वतःच्या जबाबदारीवर वेगळे झालो. आणि परतावा शून्य.

बॅगवाली
पासपोर्ट मुळीच देऊ नका. रेल्वेत लागतो, हॉटेलात लागतो. हॉटेलने परदेशी पाहुण्यांची नोंदणी करायची असते, बुखाऱ्याच्या हॉटेलकडून तिची पावती मागून जपून ठेवा.

हमीपत्रात "चौथ्या दिवशी समरकंदहून निघणे ते सहाव्या दिवशी ताश्कंदच्या हॉटेलात पोचणे" एवढाच काळ लिहा. त्यांचा नमुना पूर्ण टूरची जबाबदारी झटकणारा असेल तर सही करू नका. परतीचं तिकीट, ताश्कंदची खोली आणि विमानतळापर्यंतची बस कायम आहे, हे त्यांच्याकडून मेलवर घ्या. तोंडी नको. विमा वैयक्तिक आहे की ग्रुप सोडल्यावर लटकतो, तेही विचारा.

धुळ्याचा_पाटील
ग्राहक आयोगात जा. बुकिंगचा कार्यक्रम लेखी आहे ना?

जुना_मुसाफिर
जाता येईल, परत आल्यावर. अटींच्या बारीक अक्षरात "कार्यक्रमात बदलाचा हक्क राखून" असतंच, पण जाहिरातीतलं मुख्य शहरच काढणं म्हणजे किरकोळ बदल नाही. आत्ता फक्त निषेधाचा मेल पाठवून ठेवा, जुन्या कार्यक्रमाची प्रत जोडून. नंतर तोच कामाला येईल.

दुसरा_चहा
मेल पाठवला, पासपोर्टचंही लिहिलं. समरकंद-बुखारा अफ्रोसियाब भरली होती, शर्क मिळाली. परतीची अफ्रोसियाब सकाळची मिळाली. बाबांनी टेप काढून बॅगेत टाकलाय, मिनाराचा घेर मोजणार म्हणे.

रोख किती द्यावी?

जुना_मुसाफिर
डॉलर द्या, कोऱ्या न चुरगळलेल्या नोटा, बँकेत बदलायच्या. डॉलरला बारा हजारांच्या आसपास सोम येतात, बाबांना सांगा लखपती झाल्यासारखं वाटेल पण दोन जेवणांत संपतात.

खाऊगल्ली
मेतकूट?

दुसरा_चहा
भरलंय.

नवीन_सभासद_पुणे
आमचीही एप्रिलची उझबेकिस्तान टूर आहे आणि ब्रोशरवर तोच मिनार आहे. कंपनी कुठली? व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा प्लीज.