लिमाला अर्धा दिवस पुरेल का?

नमस्कार मंडळी,
जुलैत आईबाबांना घेऊन पेरूला चाललोय. कुस्कोचं सगळं ठरलंय, लिमा मात्र ट्रॅव्हलवाल्याने अर्ध्या दिवसात बसवलंय. तेवढं पुरेल? आईचे गुडघे दुखतात.
— निखिल

निखिल,
अजिबात पुरणार नाही! दोन दिवस तरी काढ. इंकांचं राज्य जिंकणाऱ्या स्पॅनिश पिझारोने १५३५ मध्ये वसवलेली ही राजधानी, आणि भूकंप तिच्या पाचवीलाच पुजलेले. २८ ऑक्टोबर १७४६ च्या भूकंपात बहुतेक शहर जमीनदोस्त झालं, शेजारचं कायाओ बंदर समुद्राने धुऊन नेलं. अशा जमिनीवर लोकांनी बांधलं कसं, ते बघायला जा.

सान फ्रान्सिस्को मठात तळघरातल्या कवट्या आणि गोलाकार रचलेली हाडं बघायला गर्दी असते. जिने उतरावे लागतात, तेव्हा आईंना वर चर्चमध्येच बसू दे. तिथे छताकडे नीट बघा. त्या भल्यामोठ्या कमानी दगडी वाटतात, पण आत लाकडाचा सांगाडा, त्यावर बोरू आणि मातीचा गिलावा. तिथे याला किंचा म्हणतात. आपल्या कोकणातला कूडच म्हण ना. दगडी छत धक्क्याने कोसळतं, हे हलकं असल्याने लवतं आणि तगतं. सतराव्या शतकात इथे हे जमलं आणि मग लिमाभर पसरलं. १७४६ नंतर कॅथेड्रलचं छतही असंच केलं.

आणि लिमाच्याच मिराफ्लोरेस भागातली वाका पुक्याना चुकवू नकोस. इंकांच्या कितीतरी आधीचा, कच्च्या विटांचा प्रचंड चौथरा. विटा फळीवरच्या पुस्तकांसारख्या उभ्या लावल्यात, मध्ये फटी सोडून. हादरा बसला की विटांना हलायला जागा मिळते. स्पॅनिश लोक यायच्या हजारएक वर्षं आधीची ही अक्कल!
— सुलभाकाकू

काकूंशी शंभर टक्के सहमत. निखिल, लार्को संग्रहालयाला अख्खी दुपार ठेव. राफाएल लार्को यांनी १९२६ मध्ये सुरू केलेलं. तिथलं कोठारही लोकांना खुलं आहे: छतापर्यंत कपाटं आणि त्यांत हजारो मातीची भांडी, प्रकारवार लावलेली. इंकांच्या आधीच्या मोचे लोकांतल्या कुंभारांनी भांड्यांवर घडवलेले चेहरे तर इतके जिवंत, की आता बोलतील असं वाटतं. मला तरी सोन्याच्या दालनापेक्षा तेच आवडले.

कॅथेड्रलमध्ये पिझारोची कबर आहे. तिथे पूर्वी भलत्याच माणसाची ममी त्याची म्हणून दाखवत. १९७७ मध्ये तळघरात शिशाच्या पेटीत खरी कवटी मिळाली, पेटीवर त्याचं नाव कोरलेलं.

जुलैत तिथे हिवाळा, आभाळ सतत भरलेलं. आईबाबांना स्वेटर घ्यायला सांग.
— अजय