एअर प्लांट पावसाळ्यात कसे सांभाळावेत?

हिरवी_खिडकी (ठाणे)
नमस्कार मंडळी. भाचीने दोन एअर प्लांट (मातीशिवाय वाढणारी झाडं) दिलेत. छोटं आयोनँथा काचेच्या गोल भांड्यात आहे आणि मोठं, चंदेरी झेरोग्राफिका पूर्वेच्या खिडकीत टांगलंय. सध्या दोन्ही छान आहेत, पण पाऊस तोंडावर आलाय. नर्सरीवाले म्हणाले, "रोज स्प्रे मारा, बास." पावसाळ्यातही तेच करू का?

गच्चीबाग (रत्नागिरी)
नको, जूनपासून रोजचा स्प्रे बंदच करा. ही झाडं तहान बऱ्यापैकी सोसतात, पण ओल अडकून राहिली की हमखास कुजतात. पानांवर जी चंदेरी लव दिसते ना, तीच पाणी शोषते. मुळं फक्त फांदीला धरून राहायला. लव जितकी दाट तितकं झाड कोरड्या मुलखातलं. झेरोग्राफिका मेक्सिको-ग्वाटेमालाकडच्या रुक्ष रानातलं, त्याला आपल्या पावसाळी हवेत पंधरा दिवसांनी एकदा बुचकळून काढलं तरी पुष्कळ. आयोनँथा आठवड्यातून एकदा दहा मिनिटं पाण्यात ठेवा.

पाणी सकाळीच द्या. रात्री या झाडांची रंध्रं, म्हणजे पानांवरची हवा घेणारी बारीक छिद्रं, उघडतात, तेव्हा पानं ओली नकोत. पाण्यातून काढलं की उलटं धरून चांगलं झटका आणि पंख्याच्या वाऱ्यात उलटंच ठेवा. चारेक तासांत बुडखा कोरडा लागला पाहिजे. झेरोग्राफिकाच्या रुंद पानांच्या बेचक्यात पाणी साचतं, तिथे बोट घालून बघाच. बुडखा काळा, मऊ पडला आणि मधली पानं अलगद हातात आली, तर झाड गेलं समजा.

आणि ते काचेचं भांडं! दिसतं सुरेख, पण आत हवा खेळत नाही. आयोनँथा आजच बाहेर काढा.

माळरान (पुणे)
वरच्या सगळ्याला अनुमोदन. बोअरचं जड पाणी मात्र वापरू नका, क्षारांचा थर लवेवर बसतो. पावसाचं पाणी बादलीत धरून ठेवा, त्यासारखं दुसरं नाही. टांगायला तांब्याची तार असेल तर आधी काढा, तांबं या झाडांना विषारी असतं. नायलॉनचा दोरा चालतो.

हिरवी_खिडकी
खूप आभार! भांड्यातून काढताना दिसलं, आयोनँथाची मधली पानं लालबुंद झालीत. उन्हाने असेल का?

गच्चीबाग
बुडखा टणक आहे ना? मग बहुतेक फुलायची तयारी आहे, अभिनंदन! जांभळी, नळीसारखी फुलं येतील. प्रत्येक झाड एकदाच फुलतं, मग हळूहळू सुकत जातं, पण बुडाशी पिल्लं धरतात. ती आईच्या निम्मी तरी होईपर्यंत तोडू नका. न तोडताही चालतं, छान झुबका होतो. फुलं आली की पाण्यात पूर्ण बुडवू नका, फक्त खालचा भाग भिजवा. फोटो टाका नक्की.