लायरच्या घोडीवर तानपुऱ्यासारखी जवारी (तारेचा झणझणता, भरलेला आवाज) काढता येईल का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, घरी १६ तारांचं छोटं लायर आलंय, खोक्यावर 'लायर हार्प' असं छापलंय. खालच्या तारा छान वाजतात पण वरच्या चार-पाच अगदी ठक्क, आस (छेडल्यावर रेंगाळणारा आवाज) म्हणून नाहीच.

हे लायर की हार्प, ते आधी शोधलं. मला समजलं ते असं की हार्पच्या तारा पेटीच्या तबलीतूनच (पेटीवरच्या पातळ फळीतूनच) निघतात आणि तिरक्या वर मानेला जातात, म्हणजे तार छेडली की ती तबलीलाच ओढते, मध्ये घोडीचं (तारा टेकतात त्या पट्टीचं) कामच नाही. सगळ्या तारांचा मिळून ताण प्रचंड, मान पेटीकडे वाकू नये म्हणून पुढे खांब लागतो. मोठ्या पेडल हार्पला ४७ तारा आणि ७ पेडल, त्या पेडलच्या सळ्या खांबाच्या पोकळीतूनच वर जातात, हे मला फारच आवडलं! (ब्रह्मदेशातल्या सौंग या हार्पला मात्र खांब नाही, नुसती कमान. समुद्रगुप्ताच्या नाण्यावरची वीणा पण त्याच जातीची.) लायरला दोन हात, त्यांना जोडणारी आडवी दांडी, आणि तारा तबलीला समांतर येऊन घोडीवरून जातात. मग माझं वाद्य सरळसरळ लायरच झालं ना, घोडी आहे त्याला.

आता खरा प्रश्न. इथिओपियाचं बेगेना ऐकलं, १० तारांचं मोठं लायर, आणि आवाज चक्क जवारीचा! तिथे प्रत्येक तारेखाली घोडीवर चामड्याचा तुकडा सरकवतात. तानपुऱ्याच्या घोडीवर तारेखाली मी सुती दोरा घालते (त्यालाच 'जीव' म्हणतात), तसा इथे घातला तर चालेल का? आणि वरच्या तारांचं काय करू? घोडी उंच करून घेऊ का? कोणी केलं असेल तर प्लीज सांगा, वाद्य खराब व्हायला नकोय.

प्रतिसाद:
ताई, हो, लायरच आहे. जवारीचं नंतर बघू, आधी घोडीच्या खाचा तपासा. खाच खोल किंवा रुंद असली तर तार आत दबून बसते आणि आवाज तिथेच मरतो, बारीक तारांना हे जास्त जाणवतं. तार घोडीवरून जाताना थोडी वाकायला हवी, त्या दाबानेच कंपन तबलीत उतरतं. पण घोडी उंच केली की तोच दाब वाढतो आणि पातळ तबली खचू शकते, म्हणून ते परस्पर करू नका, वाद्यं दुरुस्त करणाऱ्या माणसाला दाखवा. दोऱ्याचं म्हणाल तर तानपुऱ्याची घोडी रुंद आणि किंचित उताराची असते, तार त्या उतारावर घासत थरथरते म्हणून जवारी येते. तुमच्या लायरची घोडी अरुंद धारेची असेल तर दोऱ्याने आवाज उलट दबेल. पातळ चामड्याची पट्टी एकाच तारेखाली घालून मागे-पुढे सरकवून बघा, नाही जमलं तर काढून टाका, नुकसान काही नाही.

घोडीचा बाजूने फोटो टाका, तार किती वाकतेय ते दिसेल असा.